कप्तान कोणाला करायचं

अ‍ॅशबेल स्टॉडर्ड लढाईवरून गावात परत आला, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. सात वर्षं तो खड्या पगारी फौजेत होता, सार्जंट होऊन आला. आम्ही बाकीचे गावफौजेत. म्हणजे इंग्रज राजाचे तांबडे डगलेवाले शिपाई जवळ आल्याची वर्दी मिळाली की बंदूक घेऊन निघायचं आणि गवत कापणीला आलं की घरी परतायचं. मीही तीनदा जाऊन आलो. ते कोणाच्या लक्षात आहे?

खानावळीत मी शिरलो तर कोणी मान वळवत नसे. तो लंगडत आला की विस्तवाजवळची जागा आपोआप रिकामी व्हायची. आणि माझी बायको मेहिटेबल! एका रविवारी म्हणाली, "प्रार्थनेला तो कसा ताठ बसतो बघा. तुम्ही दुपारच्या प्रवचनाला घोरता."

"मग जा, त्याच्याशेजारी बस."

"बाकावर जागा असती तर गेलेही असते," ती हसत म्हणाली. ती थट्टा होती हे मला कळत होतं, तरी दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

त्या वसंतात आमचे म्हातारे कप्तान व्हर्मांटला मुलाकडे राहायला गेले. कनेक्टिकटमध्ये गावफौज आपला कप्तान आपणच निवडते. नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली सार्जंट होतो, ती जागा माझीच होती. पण कवायतीच्या दिवशी मैदानावर पाहतो तर जो तो अ‍ॅशबेलचं नाव घेतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पिंपावर चढलो.

"बॉस्टनमध्ये राजानं फौज आणून बसवली होती ती आपल्याच लोकांना दाबायला, विसरलात? पगारी शिपाई पगार देणाऱ्याचा असतो. आपला माणूस शेतासाठी बंदूक उचलतो आणि काम झालं की खुंटीला टांगतो. सात वर्षं हुकमावर पाय उचलणाऱ्याच्या हाती तुम्ही गावच्या बंदुका देणार?"

"जेड, मागच्या खेपेला अर्ध्या वाटेवर तुला गवत आठवलं, तेही सांग की!" एलनाथन लोहार ओरडला. सगळे खो खो हसले.

"आठवलं! ज्याला घर आठवतं तो दुसऱ्याच्या घरावर चालून जात नाही!"

हशा थांबला. बोललो ते खरंच होतं, बापानं मला तेच शिकवलं होतं. पण त्या दिवशी ते माझ्याकडून जळफळाटानं वदवलं, हेही तितकंच खरं.

मग अ‍ॅशबेल उठला. आवाज चढवायची त्याला कधी गरजच पडत नसे.

"जेड बरोबर बोलतोय. हुकूम कानावर पडला की माझा पाय आधी उचलला जातो, डोकं मागाहून जागं होतं. गावाला तसला कप्तान नको. माझं मत जेडला."

ज्यांना मी हवा त्यांनी प्रार्थनाघराच्या पायऱ्यांशी यायचं, ज्यांना तो हवा त्यांनी एल्मच्या झाडाखाली, असं ठरलं होतं. अ‍ॅशबेल पायऱ्यांकडे चालू लागला. एलनाथननं क्षणभर झाडाकडे पाहिलं आणि तो त्याच्या मागे निघाला. मग आणखी दोघं, मग सगळेच. कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी ते दोन रांगांत आले आणि लंगड्याच्या चालीनं हळूहळू चालत आले. झाडाखाली एकही माणूस उरला नाही.

अ‍ॅशबेलनं माझ्यासमोर टोपी काढली. त्याचं बघून चाळीस जणांनी काढल्या.

मी एकमतानं कप्तान झालो. मेहिटेबलनं केक भाजून शेजारपाजारी वाटला. आज या गोष्टीला अकरा वर्षं झाली. अजूनही कोणी 'कप्तान' म्हणून हाक मारली की मी आधी आजूबाजूला बघतो, अ‍ॅशबेल कुठे उभा आहे ते.