डुबुक पलीकडे कधी जात नाही

मिशा फुटलेल्या माणसानं माणसासारखं बोलावं, एवढीच आजीची अपेक्षा होती, आणि तेवढीही धाकट्या लेकाकडून पुरी होत नव्हती. मीठ मागायचं तर पाणघोड्याच्या आवाजात. दारावर कुणी आलं तर "कोण आहे?" पाणघोडाच विचारणार. परवा तर कहर झाला. आजीच्या बटणांच्या दुकानात एक बाई कोटाची बटणं निवडत होती. नुकताच नवरा गेलेला, तोंडावरची माशी हलत नव्हती बिचारीच्या. आणि आतल्या खोलीतून घसा फुगवून आरोळी आली, "अगं आई गं, माझी चड्डी!" बाई दचकली, डबा उपडा झाला, आणि मग ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. बटणं मात्र आजीलाच वेचावी लागली. धाकटा काही बाहेर आला नाही. त्याचा सराव चालला होता.

हा सराव म्हणजेच त्याची नोकरी. टीव्हीवर पोरांचा एक लाडका पाणघोडा होता, डुबुक नावाचा. पिवळे बूट, लाल चड्डी, अक्कल बेताची. त्याचा आवाज धाकट्याचा. पोरांच्या दप्तरांवर डुबुक, बाटल्यांवर डुबुक, पायमोज्यांवर डुबुक. आजीच्या दुकानातसुद्धा डुबुकची बटणं होती आणि मेली तीच जास्त खपायची. पण त्या डुबुकमागचा घसा कुणाचा, ते सांगायची बंदी. कंपनीचा नियमच होता तसा: पोरांसाठी डुबुक खरा, तेव्हा आवाजवाल्यानं बाहेरच्या कुठल्याही पोरासमोर त्या आवाजात बोलायचं नाही. म्हणजे आजीची दोन्हीकडून पंचाईत. लेकाचा चावटपणा घरात ऐकायचा आणि लेकाचं नाव बाहेर मिरवायचं नाही.

"लोक विचारतात, धाकटा काय करतो?" ती म्हणायची. "मी सांगते, कंपनीत आहे. कंपनीत काय करतो? आता काय सांगू, पाण्यात पडतो?"

हे गुपित ठाऊक असलेलं पोर एकच, थोरल्याची मुलगी. कितीही विंचरा, केस उभेच, म्हणून आजी तिला झिपरी म्हणायची. थोरला लांबच्या मालगाड्या चालवायचा, घरी पाहुण्यासारखा यायचा. सून दवाखान्यात पाळीवर. तेव्हा झिपरीला वाढवलं ते आजीनं आणि पाणघोड्यानं. घरात तिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नसे. शाळेत मात्र, म्हणे, ती "हजर" एवढंसुद्धा हात वर करूनच सांगायची.

एका संध्याकाळी सून कामावरून आली ती वर गेलीच नाही. दुकानातल्या स्टुलावर बसली, पर्स मांडीवर धरून.

"आई, शाळेतून बोलावणं आलंय. झिपरीला खालच्या वर्गात बसवणार म्हणतात."

"का? काय चोरलं तिनं?"

"वाचता येत नाही म्हणतात. येत्या सुट्टीनंतर पुन्हा लहान मुलांत."

"आणि हे त्यांना कुणी सांगितलं? ती तर तिथं बोलतच नाही."

सून क्षणभर आतल्या दाराकडे बघत राहिली. "डुबुकनं," ती म्हणाली.

झालं होतं असं, की कंपनीनं डुबुकचा वाचायचा गेम काढला होता आणि शाळेनं तो घेतला होता. पोरांनी रोज टॅबवर खेळायचं आणि कोण किती पाण्यात आहे ते यंत्रानं बाईंना सांगायचं. झिपरी पहिल्याच पायरीवर अडकली होती. बाकीची पोरं कुठल्या कुठं गेली, आणि हिचं एक उत्तर बरोबर येईल तर शपथ.

सुनेनं त्या रात्री पुस्तक उघडून लेकीपुढं धरलं. पण ही परीक्षा आहे एवढं कळायचा अवकाश, झिपरीनं ओठ असे मिटले की पाचर मारली तरी उघडू नयेत. एरवी ती पुस्तक घेऊन धडाधड बोलायची. पण वाचून बोलायची की मनचं, हे आजीला कुठं ठाऊक? पडताळायचं तर चष्मा लावायला हवा, आणि चष्मा म्हणजे म्हातारपणाची जाहिरात. ती आजी करत नसे.

खालच्या वर्गात बसवलेलं पोर पुढं कुठं जातं, हे मात्र तिला कुणी सांगायला नको होतं. ती स्वतः एकदा अशीच खाली बसली होती आणि मग कायमची घरी बसली होती. ते कुणापाशी बोलायची तिची रीत नव्हती. तिनं धाकट्याला गाठलं.

"तुझ्या पाणघोड्यानं पोर बुडवली माझी."

"आई, मी फक्त आवाज दिला. गेम बनवणारे वेगळे असतात."

"वा! विष कालवणारा वेगळा, मी फक्त ढवळलं!"

"अगं, शिकवायलाच केलाय तो गेम."

"मग शिकली का ती? उद्या माझ्याबरोबर चलायचं शाळेत. सूनबाईंची पाळी आहे. आणि तिथं माणसासारखं बोल. नाहीतर बोलूच नकोस."

दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेरच्या छोट्या खोलीत आजी, धाकटा आणि बाई अशी तिघं बसली. खुर्च्या पोरांच्या मापाच्या. धाकट्याचे गुडघे हनुवटीला लागत होते. आजी त्या खुर्चीत बसली ती मात्र सिंहासनावर बसल्यासारखी. वर्गाच्या बाई तरुण होत्या, बोटांना खडू, डोळ्यांखाली जागरण, वाईट नव्हत्या.

"आजी, मला स्वतःला नाही वाटत तिला काही येत नाही असं," त्या म्हणाल्या. "पण ती बोलत नाही. मग माझ्याकडे उरतं ते हे." त्यांनी टॅब पुढं सरकवला. झिपरीच्या नावापुढं एक रडका पाणघोडा होता. "महिनाभर हाच रडतोय. वर विचारतात तेव्हा मी काय दाखवू?"

"दाखवा बरं, आहे तरी काय तो खेळ."

खेळ साधा होता. तळं, तळ्यावर फळी, फळीवर डुबुक. वर एक चित्र यायचं, खाली तीन शब्द. चित्राचा शब्द दाबला की डुबुक एक पाऊल पुढं. चुकला की पाण्यात.

"आजी, तुम्ही खेळून बघता का?" बाई सहज म्हणाल्या.

आता आली का पंचाईत. चष्मा पिशवीत होता आणि पिशवीतच राहणार होता. दुसरीतूनच शाळा सुटलेल्या बाईनं शाळेतल्या बाईसमोर चष्मा लावून अक्षर लावत बसायचं म्हणजे शोभाच. चष्म्याशिवाय ते तीन शब्द म्हणजे तीन मुंग्यांच्या रांगा. आजीनं मान ताठ केली आणि बोट येईल तिथं ठेवलं.

डुबुकनं गाल फुगवले, डोळे फिरवले, "अगं आई गं, माझी चड्डी!" म्हणाला आणि धपाककन पाण्यात. आजीच्या तोंडावरची रेघ हलली नाही, पण बाईंना हसू आलं. पुन्हा बोट. या वेळी तो "अरे बापरे, तळं माझ्या अंगावर आलं!" म्हणत पडला. दर वेळी नवीन. एकदा उताणा, एकदा गिरक्या घेत, एकदा पडल्यावर नाकातून मासा काढत. मध्येच एकदा तो पडला नाही.

"छान. पुढे," असं म्हणाला. पोस्टातला माणूस तिकीट देताना बोलतो तसं.

"हे काय झालं?"

"बरोबर आलं ना, आजी."

आजी दाबत राहिली. खेळ संपला तेव्हा बाईंनी कौतुकानं सांगितलं, की बरीच चुकली, पण थोडी बरोबर आली.

"म्हणजे मला आली?" आजीनं विचारलं.

"हो, आली की."

"आणि झिपरीला?"

"तिला... एकही नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

आजीनं टॅब दूर सारला. तिच्या डोक्यात जे चाललं होतं ते बोलायचं म्हणजे नाक कापून हातात द्यायचं. पण पोरीपेक्षा नाक मोठं नव्हतं.

"बाई, मला त्यातलं ढेकळं काही दिसलं नाही. मी आपली बोट ठेवत गेले. बोलाफुलाला गाठ पडावी तशी माझी काही लागली. कुणाचीही लागतील. मग महिनाभर खेळणाऱ्या पोरीचं एकदासुद्धा लागू नये? चुकून तरी?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. धाकट्याचे गुडघे हळूहळू खाली आले.

"एकदाही चुकून बरोबर येऊ द्यायचं नसेल," बाई हलकेच म्हणाल्या, "तर बरोबर कुठलं ते आधी ठाऊक पाहिजे."

झिपरीला बोलावलं. ती दारात उभी राहिली, आजीला बघून पायाची बोटं आत वळवली. बाईंनी तिला मांडीशी घेऊन टॅब दिला. झिपरीनं चित्र बघितलं, तिन्ही शब्दांवरून नजर फिरवली, आणि ठरवून, अगदी ठरवून, एकावर बोट ठेवलं. धपाक. पुन्हा तिन्हीवरून नजर. धपाक. दर पडण्याला तिचे खांदे हसत होते. तोंड बंद.

"झिपरे, बरोबर कुठलं होतं गं?" आजीनं विचारलं.

ओठ मिटले.

मग त्या खोलीत एक ओला, ढेरपोट्या आवाज उमटला. टॅबमधून नव्हे. धाकट्याच्या खुर्चीतून.

"झिपरे... माझे बूट कधीचे ओले आहेत गं. का पाडतेस मला?"

बाईंचा हात तोंडाशी गेला. आजीनं डोळे वटारले, पण उशीर झाला होता. झिपरीनं एकदा काकाकडे बघितलं, एकदा टॅबकडे, आणि शाळेच्या भिंतींनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"तू पडताना छान पडतोस."

"आणि पुढं गेलो तर?"

"तर तू कंटाळून बोलतोस. बाकीच्यांच्या टॅबवर ऐकलंय मी. 'छान. पुढे.'" तिनं नक्कल केली, ती इतकी हुबेहूब की धाकट्याचे कानच लाल झाले. "आणि तू पडलास की सगळी मुलं माझ्या बाकावर बघायला येतात. मला माहितीय तू कुठं कुठं पडतोस ते. ज्यांच्याकडं तू पुढं जातोस तिथं कुणी येत नाही."

मग पाणघोडाच म्हणाला, "मी पलीकडे कधी गेलोच नाही गं. काय आहे तिकडं?"

"मी पण नाही बघितलं."

"नेतेस?"

तिनं नेलं. चित्र आलं की शब्द, चित्र आलं की शब्द. जोडाक्षरं आली तीही तिनं ओठांत पुटपुटून दाबली. फळी सरत गेली. आजी त्या बोटाकडे बघत होती. शेवटचं पाऊल पडलं, डुबुक पलीकडच्या काठावर उतरला. महिनाभर बुडालेला तो जीव एकदाचा कोरड्या जमिनीवर उभा राहिला आणि म्हणाला,

"छान. पुढे."

आणि पडदा पांढरा झाला.

"एवढंच?" झिपरी म्हणाली.

बाई मोठ्यानं हसल्या. मग त्यांनी झिपरीच्या उभ्या केसांवरून हात फिरवला. "ही कुठंही जात नाही, आजी. याच वर्गात. आणि माझे आणखी काही रडके पाणघोडे आहेत, त्यांनाही आजच एकेकट्याला जवळ घेऊन बसते." दाराशी त्या धाकट्याकडे न बघता म्हणाल्या, "मघाशी काही आवाज आला का हो? मला नाही आला. मी टॅब पुसत होते."

झिपरी वर्गात गेली. जाताना बाईंना काहीतरी सांगत होती, भराभर. दार लागलं तरी ते ऐकू येत होतं.

बाहेरच्या पायऱ्यांवर धाकटा थांबला. आजी पुढं निघाली होती, तीही थांबली.

"आई, तुला सांगतो, पडायचं रेकॉर्डिंग आम्ही दिवसचे दिवस केलं. पोट दुखेपर्यंत हसायचो सगळे. माईकवाला खाली बसायचा हसून. आणि ते 'छान, पुढे' शेवटी, वायरी गुंडाळताना. म्हणाले, बरोबर उत्तराला एक वाक्य पुरे, पोरांना कळतंच. मलाही वाटलं, कळतंच."

"मग आता?"

"आता काय? गेम निघाला. एका वाक्यासाठी पुन्हा स्टुडिओ कोण देणार? मी कोण, आवाजवाला. माझं कोण ऐकतंय तिथं?"

आजीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आता चांगली झापणार, म्हणून त्यानं मान खाली घातली. पण ती बोलली ते हळू, आणि एकेक शब्द ठेवून.

"ऐक. चुकलेल्या पोराला तू हसवलंस, रडू दिलं नाहीस. ते पुण्यच आहे, ते मी तुझ्या पदरात टाकते. पण बरोबर आलेल्या पोराला तू दारातून उपाशी परत पाठवलंस, आणि ते पाप आहे, कंपनीचं नाही, तुझं. तेव्हा आत्ताच्या आत्ता तिथं जायचं, दार लावलं तर दारात बसायचं, आणि पोर काठाला लागली की तिच्यापेक्षा तुला जास्त आनंद झालाय, हे साऱ्या जगाला ऐकू जाईपर्यंत घरी यायचं नाही."