ताकातला कुडा

सोयगावच्या दगडाबाईला नावं ठेवलेली एकवेळ चालायची, पण तिच्या औषधाला ठेवली तर खैर नसे. मुरडा आला, हगवण लागली की लोक तिच्या ओट्यावर हजर. कुड्याच्या झाडाची साल ती आत न्यायची, तिचं काहीतरी करायची आणि वाटीभर औषध बाहेर आणायची. कृती मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. मरतेवेळी सासूनं ती फक्त तिच्या कानात सांगितली होती. औषध उघड केलं की त्याचा गुण जातो, अशी त्या घरची पक्की समजूत.

म्हणून विद्यापीठातली उमा संशोधनासाठी आली तेव्हा दगडाबाईनं पिशवीभर साल मोठ्या मनानं दिली, आणि कृती विचारताच ठोकून दिलं, पाण्यात उकळायची, झालं.

चार महिन्यांनी उमाचा फोन आला. पोट बिघडवणाऱ्या जंतूंवर काढा तीनदा घालून पाहिला, तिन्ही वेळा काही झालं नाही. तिचे हेमचंद्र सर आता 'गुण नाही' असं लिहून विषय बंद करणार होते. उमा रडवेली झाली होती. दगडाबाईच्या जिवाला ते दोन शब्द लागले. सासूच्या नावाला बट्टा लागणार, आणि तोही आपल्याच थापेमुळं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं संभाजीनगरला उतरली. पिशवीत साल, सहाण आणि आंबट ताकाची बरणी होती.

प्रयोगशाळेत सर, उमा आणि सहा विद्यार्थी होते. एवढ्यांसमोर तोंड उघडायचं होतं. मनातल्या मनात सासूला हात जोडून ती म्हणाली, "पाण्याचं खोटं सांगितलं मी. साल आंबट ताकात उगाळायची, अन् रातभर ताकातच ठेवायची."

आंबटात सालीचा अर्क उतरत असेलही, असं सर पुटपुटले. साल तशीच उगाळून रात्रभर ताकात ठेवली. दुसऱ्या दिवशी उमानं तीन थाळ्या मांडल्या. थाळीभर जंतू पेरलेले असतात, मधल्या खळग्यात औषध घालायचं, ते चाललं तर भोवती जागा मोकळी होते, असं तिनं समजावलं. जन्मभर शेतात राबलेल्या बाईला हे चटकन उमगलं. तिनं उमाचा हात धरला.

"शेजारी नुसतं ताक बी घाल. नायतर लोक म्हणतील, ताकानंच मेले."

हे समजायला आमच्या पोरांना दोन वर्षं लागतात, असं सर हसत म्हणाले, आणि पोरांनी माना खाली घातल्या.

त्या रात्री उमाच्या खोलीवर दगडाबाईला घास गोड लागला नाही. सांगून बसले, आता गुण गेला असला तर?

सकाळी उमानं थाळ्या बाहेर काढल्या. नुसत्या ताकाभोवती जेमतेम एक पुसट रेघ होती. कुड्याच्या ताकाभोवती मात्र रुपयाएवढी स्वच्छ जागा, तिन्ही थाळ्यांत. थाळीतलं यश म्हणजे माणसातलं नव्हे, अजून बरंच तपासायचं आहे, असं सरांनी बजावलं. पण विषय चालू राहणार होता, आणि कृती कुणाची या जागी सरांनी स्वतःच्या हातानं दगडाबाईचं नाव लिहिलं.

 थाळी उजेडात धरून दगडाबाई कितीतरी वेळ पाहत राहिली.

"आठ जणांम्होरं सांगितलं, तरी गुण गेला नाय," ती उमाला म्हणाली. "आता वही काढ. सासूनं अजून तीन औषधं सांगितलीत."