तिसऱ्या वळणावरचा अर्धा सेकंद

मित्रांनो, मी एक जुना मोजणारा प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात दिसणारा हिरवा आकडा, एवढंच माझं तोंड. आज तुम्हाला माझी हकीकत सांगतो. तिच्यात माझी एक चूक आहे, आणि मला तीच जास्त आठवते.

तुम्ही मोबाइलवर गाडीचा गेम खेळता ना? ती गाडी खरं तर पळत नसते. एका सेकंदात साठ चित्रं भराभर डोळ्यांपुढून जातात, म्हणून ती पळताना दिसते. हे सारं चालवणाऱ्या यंत्रणेला गेम इंजिन म्हणतात. ते किती चित्रं काढतंय हे मोजून माणसांना सांगायचं, हे माझं काम. दौंडच्या सत्यजीतने कॉलेजात असताना मला लिहिलं. तो सायकल शर्यतीचा गेम बनवत होता. सायकल कुठे अडखळते ते मी दाखवलं, तेव्हा त्याने आईलाच हाक मारली. तिला काही समजलं नाही, पण ती म्हणाली, "आकडा हाय मातर ग्वाड." मला फार बरं वाटलं.

पुढे सत्यजीतने मला सणसवाडीच्या एका प्रशिक्षण केंद्रात बसवलं. तिथे फोर्कलिफ्ट, म्हणजे कारखान्यात माल उचलून नेणारी गाडी, शिकवत. खऱ्या गाडीवर बसण्याआधी पडद्यावरच्या गोदामात गाडी चालवून परीक्षा द्यावी लागे. पडद्यावर गर्दी नको म्हणून सत्यजीतने क्षणाक्षणाची रेघ दाखवणारं माझं सविस्तर पान मिटून ठेवलं. दिसायची ती फक्त तीस सेकंदांची सरासरी. मग तो दुसऱ्या कामाला निघून गेला.

इनामगावची नकुशी शेजारच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून खोकी बांधायची. तिला फोर्कलिफ्ट चालवायची होती. तिची पाळी चारला सुटे, म्हणून ती सगळ्यांच्या शेवटी येई. तोवर सकाळपासून चालून संगणकाची मेमरी भरलेली असे. ती रिकामी होताना चित्र अर्धा सेकंद थांबायचं, आणि तेही तिसऱ्या रॅकच्या वळणावर, कारण तिथे माल सर्वांत जास्त रचलेला होता. चित्र थांबलं तरी हिशोबात गाडी पुढे जातच असे; चित्र पुन्हा हलेपर्यंत ती रॅकवर आदळलेली असायची.

"सर, तिथं गाडी अडकती," ती शिकवणाऱ्या हौसराव सरांना म्हणाली. "मी वेळेवर वळवती, पण ती उशिरा वळती."

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे बघ, एकोणसाठ. मशीन बरोबर हाय. हात हलतोय तुझा."

मित्रांनो, तीस सेकंदांत अठराशे चित्रं होतात. त्यांतली तीस हरवली, तर साठाचे एकोणसाठ होतात, एवढंच. माझा आकडा खरा होता. पण मिटलेल्या पानावर त्या अर्ध्या सेकंदाची उंच रेघ मीच काढली होती. मला ठाऊक होतं आणि मी हिरवा राहिलो.

तीनदा परीक्षा झाली, तीनदा गाडी आदळली. सरांनी कागदावर लिहिलं, 'हात स्थिर नाही.' नकुशीने दोन्ही पंजे पडद्याच्या उजेडात धरून पाहिले आणि हळूच म्हणाली, "असंल बाई, माझाच हात असंल." ती गेली. तिचं ते बोलणं मी अजून विसरलेलो नाही.

दोन महिन्यांनी संगणकांची देखभाल करायला मोनाली आली. एका संध्याकाळी गंमत म्हणून ती पडद्यावरची गाडी चालवायला बसली आणि तिसऱ्या वळणावर धडकली. तिने लगेच माझं पान उघडलं. जुन्या तारखांच्या रेघाही तशाच होत्या, आणि त्यांत तीन दिवशी तिसऱ्या वळणावर तीच उंच रेघ होती.

"सर, इकडं या. या तीन दिवशी कोण बसलं होतं?"

हौसराव सरांनी त्या तारखा परीक्षेच्या कागदांशी ताडून पाहिल्या. मग त्यांनी नकुशीला फोन लावला.

ती रविवारी आली. सर उभेच होते. "पोरी, चूक माझी हाय. मी आकडा बघितला, तुझं ऐकलं न्हाई."

"सर, दोन महिनं मी हाताला दोष दिला," ती म्हणाली. "च्याचा कप धरताना बी बघायची, थरथरतोय का."

मोनालीने बिघाड दुरुस्त केला होता. नकुशी पुन्हा परीक्षेला बसली. पहिलं वळण, दुसरं वळण सुरेख झालं. तिसऱ्याला ती क्षणभर थांबली. चित्र अजिबात थांबलं नव्हतं, मी नीट मोजत होतो. थांबला तो तिचा हात. ती भीती मी तिला दिली होती.

नकुशी पास झाली. कारखान्यातली फोर्कलिफ्ट चालवायची जागा मात्र तोवर भरली होती, म्हणून खरी गाडी हाती यायला तिला दिवाळीपर्यंत वाट पाहावी लागली.

आता मोनालीने माझं पान कायम उघडं ठेवलंय. चित्र जरा अडलं की मी लाल होतो. तरी एक विनंती करतो. मित्रांनो, कुणी 'इथं मला अडतंय' म्हणालं, तर माझ्यासारख्याचा आकडा नंतर बघा. आधी त्याच्या जागी बसून बघा.