मधली भिंत

नानांचं डोकं मधोमध चिरायचं होतं त्या दिवशी अराबा एगिर सगळ्यांच्या आधी शवविच्छेदनाच्या दालनात येऊन बसली. नाना म्हणजे त्यांच्या टेबलावरचा म्हातारा. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पण केप कोस्टात म्हाताऱ्या माणसाला नाना म्हटल्याशिवाय हात लावायचा नसतो, मग तो जिवंत असो की फॉर्मलिनमध्ये मुरलेला असो. हात, छाती, पोट शिकून झालं होतं. आता नाक आणि तोंड तेवढं उरलं होतं, आणि अराबाच्या लेखी खरा सामना इथेच होता.

कारण प्रोफेसर ओटू दर वर्षी वैद्यकीच्या मुलांच्या कामातला एकच नमुना निवडत. तो काचेच्या बरणीत घालून संग्रहालयाच्या खोलीत ठेवला जाई आणि खाली करणाऱ्याचं नाव लागे. ते कायमचं. पालकांच्या दिवशी घरची माणसं येत, बरण्या बघत, आपल्या पोराचं नाव शोधत. अराबाची आई एल्मिनाच्या बंदरावर मासे धुरावायची. तिला वाचता येत नसे, पण लेकीचं नाव मात्र ओळखता यायचं, कारण अराबानं लहानपणी ते धुराच्या खोपटाच्या दारावर कोळशानं लिहिलं होतं. ते नाव आईनं बरणीखाली बघावं, एवढंच अराबाला हवं होतं. खरं सांगायचं तर एवढंच नव्हे. तिथे मान्सा ब्रूचं नाव लागू नये, हेही तिला तितकंच हवं होतं.

मान्सा तिची मैत्रीण. शाळेपासूनची, तेव्हा एका बाकावरची, आता नानांच्याच टेबलावरची. बाप अक्रात डॉक्टर, घर दुमजली, हसली की समोरचाही हसणार अशी पोरगी. दोघी जन्मानं डावखुऱ्या. अराबाचा डावा हात शाळेतल्या बाईंनी पट्टीनं झोडून झोडून उजवा केला. मान्साच्या बापानं शाळेत येऊन हसतहसत सांगितलं, "माझ्या लेकीच्या हाताला कुणी पट्टी लावली तर गाठ माझ्याशी आहे." तेव्हापासून मान्सा सगळं डाव्या हातानं करते आणि देताना म्हणते, "माफ कर हं, डावा आहे." लोक कौतुकानं हसतात. अराबाच्या बोटांवर ते व्रण अजून आहेत.

बरं, मान्सा दुष्ट असती तरी चाललं असतं. दुष्ट माणसाचा हेवा करायला सोपं असतं, मनाला टोचत नाही. पण ही बया नोट्स आधी अराबाला देणार, जेवताना डब्यातली मोठी फोड अराबाच्या ताटात टाकणार. सुट्टीत एल्मिनाला आली तेव्हा आईनं तिला सगळ्यात चांगला मासा वाढला आणि म्हणाली, "ही माझी दुसरी लेक." अराबानं त्या दिवशी केंकेचा, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा, गोळा कुस्करला आणि तसाच ताटात सोडला.

तर प्रोफेसर ओटू आले. चष्मा कपाळावर, हातात रुमाल. "डोक्याचे दोन भाग होतील. तुम्ही दोघींनी एकेक घ्यायचा. कुणाला कुठला?"

"उजवा माझा!" अराबा जवळजवळ ओरडलीच.

टेबलाभोवतीची पोरं हसली. "बघा, बघा, बाजारात टोमॅटोची टोपली पकडल्यासारखी पकडली!"

"मग काय? डावं कोण घेणार?" अराबा म्हणाली. आणि तिचं चूक तरी काय होतं? तिथे डाव्या हातानं कुणी पैसे देत नाही, मीठ देत नाही. बापाच्या गावाची वाटसुद्धा डाव्या हातानं दाखवायची नसते, असं म्हणतात. डावं ते उरलंसुरलं.

मान्सानं खांदे उडवले. "घे बाई. मी तशीही डावीच."

करवत चालवणारे अंकल एबो पुढे आले, "नाना, राग धरू नका," असं पुटपुटले आणि करवत लावली. दोन्ही भाग वेगळे झाले तेव्हा दालनात "आहाऽ" असा आवाज उठला. तो अराबाच्या बाजूला बघून नव्हता.

करवत मध्यावरून केसभर डावीकडे सरकली होती. नाकाच्या दोन पोकळ्यांमध्ये एक उभा पडदा असतो, निम्मा हाडाचा, निम्मा कूर्चेचा. तो पडदा अख्खा उजव्या भागाला चिकटून राहिला. त्यामुळे मान्साच्या डाव्या भागात नाकाची आतली बाजू उघडी पडली होती. एकाखाली एक तीन शंख, म्हणजे आत वळलेल्या हाडांच्या पट्ट्या, त्यांच्याखालच्या तीन गल्ल्या, मागे कानाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड. खाली टाळू, म्हणजे नाकाची जमीन आणि तोंडाचं छत. टाळूच्या टोकाला पडजीभ आणि त्याखाली जाडजूड जीभ. पुस्तकातलं चित्रच कुणी टेबलावर ठेवलंय असं वाटावं. आणि अराबाच्या भागात टाळूच्या वर काय? भिंत. सपाट, करडी भिंत.

"अराबा, तुझ्या घराला खिडक्याच नाहीत की!" कुणीतरी म्हणालं.

"उजवा माझा, उजवा माझा!" दुसऱ्यानं तिची नक्कल केली.

अराबाच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की डोळ्यांत पाणी आलं. पण दालनात फॉर्मलिनमुळे सगळ्यांचेच डोळे पाणावलेले असत, म्हणून कुणाला कळलं नाही. त्या दालनाची ती एक सोय होती.

प्रोफेसर ओटूंनी फक्त मान डोलावली. "उजवीकडची, तू भिंतीवर काम कर. सावकाश. आधी वरची त्वचा सोल, आत काय आहे ते बघ." असं सांगून ते दुसऱ्या टेबलाकडे गेले.

पुढचे काही आठवडे अराबानं भिंतीकडे कमी आणि शेजारी जास्त बघितलं. मान्सा डाव्या हातात चिमटा धरून एकेक शंख मोकळा करायची. मधल्या शंखाखाली सायनसची दारं उघडली. सगळ्यात खालच्या शंखाखाली अश्रूंच्या नळीचं भोक सापडलं, तेव्हा तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बारीक तार घालून ती नाकात बाहेर काढून दाखवली. "बघ अराबा, रडलं की नाक का वाहतं ते! इथून उतरतं पाणी."

"माहीत आहे मला," अराबा म्हणाली.

"हो गं, तुला माहीतच असणार. मला मात्र आत्ता पटलं."

दुसऱ्या टेबलांवरची पोरं येऊन बघून जायची. प्रत्येक जण आधी मान्सापाशी थांबायचा आणि मग अराबाच्या भिंतीकडे बघून सांत्वनाचं काहीतरी बोलायचा. ते सांत्वन अराबाला शिवीपेक्षा झोंबायचं. तिला वाटे, त्या भिंतीच्या मागे माझेही तीन शंख आहेत. मान्साच्यापेक्षा सुंदर असतील. नुसता हा पडदा आड आला आहे. माझं जे आहे ते नेहमी कशाच्या तरी मागे असतं आणि हिचं मात्र उघड्यावर, उजेडात.

एका दुपारी सगळे जेवायला गेले. मान्सानं हाक मारली, "चल, चवळी-भाताचं वाके आणलंय, थंड होईल." अराबा म्हणाली, "हो पुढे, आलेच." मग तिनं कात्री घेतली. त्वचा सोलायची, आतलं बघायचं, सावकाश करायचं, हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं होतं. तिनं भिंत वरून कापली, मागून कापली, खाली टाळूलगत हाडाशी कात्री करकरवली आणि अख्खा पडदा एका तुकड्यात उपटून काढला.

नानांच्या शरीराचा कुठलाही कण वाया जाऊ द्यायचा नाही, अशी त्या दालनाची रीत. जे निघेल ते टेबलाखालच्या झाकणाच्या बादलीत ठेवायचं आणि शेवटी नानांबरोबरच मातीत द्यायचं. अराबानं पडदा बादलीत टाकला आणि झाकण लावलं. मागे तिचे शंख होते, होतेच. पण घाईत मधल्या शंखाची कड कात्रीनं फाटली होती.

मान्सा परत आली. "अगं, भिंत काढलीस? आणि ती नस? बघितलीस का?"

"कुठली नस?"

"पडद्यावरून तिरकी उतरते ती. नाकातून तोंडात जाणारी."

"नव्हती तसली काही," अराबा म्हणाली. आणि फाटलेल्या शंखावर वाकून अशी काम करू लागली, जणू जगात दुसरं काही कामच नाही.

निवडीच्या दिवशी प्रोफेसर ओटू टेबलामागून टेबल बघत आले. मान्साच्या भागासमोर थांबले, चष्मा खाली घेतला.

"छान," ते म्हणाले. "फारच छान. पण अशा भागांनी माझं कपाट भरलंय. दर वर्षी कुणीतरी करतं." मग अराबाकडे वळले. त्यांच्या आवाजात लहान मुलासारखी उत्सुकता होती. "आणि भिंत? मी तुझ्यासाठी थांबलो होतो. करवत नेहमी पडद्यातूनच जाते, चिंधड्या होतात त्याच्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अख्खा मिळाला. दाखव बघू."

अराबाची जीभ टाळूला चिकटली होती. टाळू म्हणजे काय, जीभ म्हणजे काय, सगळं पाठ होतं, पण बोलता येईना.

"काढली, सर," ती अखेर म्हणाली.

"काढलीस?"

"शंख बघायला."

प्रोफेसर रागावले नाहीत. ते नुसते शेजारच्या मान्साच्या शंखांकडे बघत राहिले आणि मग अराबाकडे. त्यांना सगळं कळलं, आणि त्यांना कळलंय हे अराबाला कळलं. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सर," मान्सा म्हणाली. तिनं टेबलाच्या खालच्या फळीवरून ओल्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि पुढे केलं. "माफ करा हं, डावा आहे. हा पडदा. बादलीत होता. मी वरची त्वचा तेवढी सोलली."

कापडावर अराबाची भिंत होती. त्वचा निघालेली, आणि त्या करड्या हाडावरून दोऱ्यासारखी पांढरी नस मागून पुढे तिरकी उतरत होती, खालच्या कडेपर्यंत न तुटता, न फाटता, थेट समोरच्या दातांच्या दिशेनं. गरम केंकेचा पहिला चटका टाळूला ज्या जागी बसतो, तिथली जाणीव हीच नस वर नेते. इतके दिवस ती अराबाच्या बोटांखाली होती.

प्रोफेसर वाकून बघत राहिले. "सुंदर," ते म्हणाले. मग पडद्याच्या खालच्या कडेवर त्यांचं बोट थांबलं. "इथे तुटली. बरोबर नाकातून तोंडात शिरते तिथेच. कात्री लागली." त्यांनी उसासा टाकला. "असू दे. तरीही हाच ठेवायचा. काम कुणाचं?"

"भाग अराबाचा आहे, सर," मान्सा म्हणाली आणि अराबाकडे वळली. "मी तुला सांगणारच होते गं, पण नीट झाल्याशिवाय दाखवायचं नव्हतं."

अराबाला वाटलं, हिनं हे चोरलं असतं तर किती बरं झालं असतं. ओरडता आलं असतं, भांडता आलं असतं. पण तिनं चोरलं नव्हतं. तिनं ते अराबासाठी जपलं होतं, आणि अराबाला त्या क्षणी जन्मात कधी आला नव्हता इतका तिचा हेवा वाटला. हात तर तिचा चांगला होताच. आता मनही चांगलं निघालं.

बरणीखाली दोन नावं लागली. वर अराबा एगिर, खाली मान्सा ब्रू.

पालकांच्या दिवशी आई एल्मिनाहून आली. नवं कापड नेसून, डोक्याला रुमाल बांधून, हातात पिशवी घेऊन. संग्रहालयाच्या खोलीत ती एकेक बरणी बघत गेली आणि या बरणीपाशी थांबली. खालच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "ही तू."

"हो, मामे."

"आणि ही दुसरी?"

"मान्सा."

आईचा चेहरा फुलला. "बघ! मी म्हणत नव्हते? जीव आहे त्या पोरीचा तुझ्यावर."

अराबाच्या नाकातून पाणी वाहायला लागलं. ते कुठल्या शंखाखालून येतंय, हेही तिला नेमकं ठाऊक होतं. तिनं मनगटानं नाक पुसलं. "औषधाचा वास आहे, मामे. इथे सगळ्यांचंच असं होतं."

आईनं खोलीभर नजर फिरवली. दोन्ही बाजूंच्या बरण्या घट्ट झाकणाच्या होत्या. "झाकणं तर सगळी लावलेली आहेत," ती म्हणाली. "आणि धुरात बसून माझा जन्म गेलाय, बाळा. धुराचं पाणी मला ओळखता येतं. हे ते नव्हे."

तेवढ्यात दारातून मान्सा हसत आली, "मामे!" म्हणत. आईनं पिशवीतून पानात बांधलेल्या दोन पुड्या काढल्या आणि अराबाच्या दोन हातांत ठेवल्या. "धुरावलेला मासा आहे. एक तुझी, एक तिची. दे तिला."

अराबानं नकळत दोन्ही पुड्या हातांत तोलल्या. उजव्या हातातली जड होती. फार नाही, पण होती. आईनं मुद्दाम केलं होतं की सहज झालं होतं, कोण जाणे. डाव्या हातानं द्यायचं नसतं. पुड्यांची अदलाबदल करायला एक क्षण पुरला असता. आईचं लक्ष मान्साकडे होतं आणि मान्साचं आईकडे. कुणीही बघत नव्हतं.

तिनं उजवा हात पुढे केला.

"माफ कर हं, डावा आहे," म्हणत मान्सानं पुडी घेतली, हातात तोलली आणि म्हणाली, "अगं, केवढी जड आहे!"

"हो," अराबा म्हणाली. देताना जीव जळायचा तो जळलाच. पण दिली.