तीन मिनिटांची गिरजा

काचेवर नख आपटल्याचा टक् असा आवाज व्हायचा. गिरजा, माझी बायको, फोनवर बुद्धिबळ खेळायची तेव्हा सोंगटी सरकवायची नाही, हाणायची. शेवटच्या सकाळीही तोच आवाज होता. मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत टँकरची वाट बघत आम्ही दोघं रिकाम्या ड्रमाशेजारी बसलेलो, ऊन अजून कोवळं, आणि तिच्या अंगठ्याखाली कुठल्याशा परक्या माणसाचा राजा जीव घेऊन पळत होता. नावाशेजारी मांजराचं चित्र लावणारा हा गडी रोज त्याच वेळेला तिला डाव मागायचा.

निम्मं आयुष्य आम्ही मेंढरांमागं काढलं. मेंढरं दुष्काळानं नेली, चराई शहरानं गिळली. आज जिथं काचेच्या इमारती उन्हाला डोळे वटारतात, तिथं हिनं गोफणीनं लांडगा लोळवलेला मी पाहिलाय. मग ती एका बुद्धिबळाच्या क्लासात फरशी पुसायला लागली आणि पुसता पुसता खेळ उचलून आणला. शाळा तिनं पाहिली नव्हती. मी चौथी.

तिचा खेळ लांडग्याचा. लांडगा कळपावर पडत नाही, आधी कळप फोडतो. एक प्यादं ती आमिषाला टाकी, मग घोडा, मग हत्ती. समोरचा ते फुकटचं मटण चघळत असतानाच त्याच्या राजाभोवतीचं कुंपण उपटून निघालेलं असे. लोक वजिराला जिवापाड जपतात, ही त्याला गोफणीतल्या धोंड्यासारखा भिरकावी. उभ्या ज्वारीवर गारपीट उतरावी, कणसांसकट ताटं झोपावीत आणि क्षणात सगळं शिवार पांढरं, मुकं व्हावं, तसा तिचा डाव संपे. दोघांना तीन-तीन मिनिटांचा खेळ, घड्याळ संपलं की हार, आणि टँकर कधी येईल भरवसा नाही. म्हणून टँकरच्या भोंग्याच्या आत मुडदा पाडायची सवयच तिच्या बोटांना जडलेली.

मी म्हणायचो, "अगं, जरा जपून खेळ की."

"जपून जपून मेंढरं ऱ्हायली का?"

मी उगाच रिकामा ड्रम सरळ करायचो.

त्या सकाळी मांजरवाल्याचा राजा कोपऱ्यात कोंडला होता आणि भोंगा वाजला. गल्ली धावली. मी ओरडलो, "गिरजे, ठेव तो फोन! पाईप धर!"

"अवं, दोनच चाली. मरतुया त्यो."

"पाणी चाललंय अन् तुला राजे मारायचेत व्हय!"

तिनं फोन भिंतीच्या कठड्यावर ठेवला आणि पाईप धरला. ड्रम भरत गेला, तिकडं तिचं घड्याळ आटत गेलं. जिंकलेला डाव वेळ संपल्यानं हातचा गेला. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. ओले हात पदराला पुसत तिनं पाहिलं आणि हसली. "तुमीच मारलं मला. असू द्या, उद्या फाडते त्याला."

दुपारी भाकरी थापताना ती बसल्या जागी कलंडली. हात पिठाचेच राहिले. सांजेला हर्सूलला दिलेल्या आमच्या पोरीची वाट पाहून आम्ही तिला जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचा फोन घेऊन ड्रमापाशी बसलो. मांजर चमकलं. डाव मागत होतं. सोंगट्या कशा चालतात एवढंच मला बघून बघून ठाऊक. तरी हिरव्या बटणावर बोट मारलं. दहा-बारा चाली झाल्या असतील, भोंगा झाला. शेजारची शबाना हाक मारत आली, "चाचा, पाईप पकडो, पानी जा रा!"

"जाऊ दे."

"अरे चाचा, दिनभर क्या पीते?"

"तू भर तुझं. माझा डाव चाललाय."

प्यादं टाकलं, घोडा टाकला, हत्ती टाकला, आणि वजीर तिच्यासारखाच भिरकावला. तिचा धोंडा लांडग्याला लागायचा, माझा रानात पडला. मांजरानं माझा राजा उघड्यावर फाडला. मी फोन खाली ठेवला नाही. टँकर गेला, गल्ली वाळली, ड्रमात कालचं वीतभर पाणी हललं नाही. पडद्यावर तिच्या नावापुढं घड्याळ थिजलं होतं, चाळीस सेकंदांवर. माणूस जातं तेव्हा त्याचा काळ सगळाच जात नाही, थोडा त्याच्या नावापुढं उरून राहतो, आणि तो खर्चायचा हक्क कुणालाच नसतो.