घड्याळजीची पिकअप

ती पिकअप मी रागाच्या भरात घेतली, हे आधीच सांगून टाकते. लोकांना वाटतं, मी फार विचार करून, चार जणांना विचारून घेतली असेल. तसं काही नाही. सुताराने डिवचलं आणि मी हो म्हणून बसले.

सतरा वर्षं मी शाळेची व्हॅन चालवली. मग शाळेने मोठ्या बस लावल्या आणि माझं काम गेलं. आमच्या रस्त्याच्या टोकाला सुताराचा कारखाना आहे. टेबलं, खुर्च्या, कपाटं बनवतो. त्याला माल पोचवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी विचारायला गेले. तर म्हणाला, "काकू, चालवता तुम्ही झकास, पण गाडी कुठाय? स्वतःची गाडी आणा, एक तारखेपासून काम तुमचं." एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण वर हसून त्याने मागच्या अंगणाकडे हात केला. "नाहीतर ती घेऊन जा. माझी जागा तरी मोकळी होईल."

ती म्हणजे चार वर्षं एकाच जागी उभी असलेली जुनी पिकअप. चारही टायर बसलेले. मागच्या हौद्यात भुसा, आणि भुशावर एक कोंबडी अंडी उबवत बसलेली. डावं दार तारेने बांधलेलं. सीटमधला कापूस उंदरांनी कधीच नेलेला, आणि ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा गंजून एवढं मोठं भोक पडलेलं, की त्यातून खालचं गवत दिसत होतं.

"घेते," मी म्हणाले.

सुताराचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने थट्टा केली होती, पण आता शब्द मागे घेणार कसा? व्यवहार झाला. कोंबडीने मात्र जागा सोडायला आणखी नऊ दिवस लावले.

आता खरं कारण सांगते, कारण नुसत्या रागाने कुणी असला सांगाडा घरी आणत नाही. माझा नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवत आलेला माणूस. मागच्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण पूर्ण बरंही होणार नाही. त्याच आठवड्यात यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि तोंडालाही. हातांबद्दल घरात चकार शब्द नाही. ते बोलेनात, म्हणून मीही विचारीना. मी त्यांना कप अर्धाच भरून द्यायचे. शर्टाचं बटण लावायची वेळ आली, की "अहो, थांबा, दोरा निघालाय इथला," असं म्हणून मीच लावून टाकायचे. दिवसभर ते खिडकीशी बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. एकदा सकाळी मी त्यांना तसं बसलेलं सोडून बाहेर गेले आणि दुपारी आले, तर ते तसेच होते. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. मला गाडी हवी होती, कामही हवं होतं, पण सगळ्यात जास्त मला माझा माणूस परत हवा होता. गाडीचे बोल्ट बोटाएवढे जाड असतात. कापत्या हातांनाही ते सापडतील, असा माझा हिशोब.

सुताराच्या दोन माणसांनी गाडी ढकलत आमच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून दिली. यांनी खिडकीतून पाहिलं आणि मान वळवली. दोन दिवस मी एकटीच तिच्याशी झटापट करत होते. तिसऱ्या दिवशी एका बोल्टच्या मापाचा पाना सापडेना, म्हणून मी एक ढिला पाना लावून त्यावर हातोडी मारायला लागले. चौथ्या ठोक्याला हे शेडच्या दारात.

"अगं, काय कत्तलखाना मांडलायस? कोपरे झिजतील त्याचे!"

वर्षभरात एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी हातोडी मुकाट्याने खाली ठेवली.

मग त्यांनी कारभार हातात घेतला, आणि माझ्या नाकी नऊ आणले. घड्याळ उघडायची त्यांची एक पद्धत आहे. पांढऱ्या कापडावर, तबकडीवरचे आकडे असतात तसं गोल मांडायचं. पहिला काढलेला भाग बाराच्या जागी, दुसरा एकच्या, असं करत जायचं. जोडताना उलटं फिरायचं, म्हणजे काही चुकत नाही. ही पद्धत त्यांनी पिकअपला लावली. माझ्या दोन चांगल्या चादरी शेडमध्ये गेल्या, मग तिसरी, मग पाहुण्यांसाठी ठेवलेली. शेडभर चादरी, त्यांवर गंजके भाग गोलगोल मांडलेले, आणि मला चालायला वीतभर वाट. एकदा माझा पाय लागून पाचच्या जागचा भाग सहाच्या जागी गेला, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पण हे न बोलणं वेगळं होतं. हे रागाचं होतं, चांगलं ठसठशीत.

जुनं माहितीपुस्तक कुठूनतरी मिळवून ते रात्रंदिवस वाचायचे. घड्याळाच्या ब्रशने कार्बोरेटर घासायचे. पत्र्याचं भोक बुजवून झालं, सीट मी शिवली, टायर बदलले. क्लच मात्र अडकला होता. इतकी वर्षं उभी राहून त्याची प्लेट गंजाने इंजिनामागच्या जड लोखंडी चकतीला, म्हणजे फ्लायव्हीलला, चिकटूनच बसली होती. सुताराची माणसं बोलावून गिअरबॉक्स खाली उतरवला. यांनी ती प्लेट हळूहळू सोडवली, आठवडाभर घासली, ताटासारखी लखलखीत केली.

बोल्ट काढायला ते कुणाला हात लावू देत नसत. पण बसवताना पहिला आटा पकडायचा असतो. बोल्ट भोकासमोर सरळ धरून हलकेच फिरवायचा, तेवढंच. तेवढंच त्यांना जमत नव्हतं. बोल्ट भोकाभोवती थरथरत फिरायचा आणि खाली पडायचा. मी शेजारी फडकं घेऊन बसायचे. "थांबा, धूळ आहे इथं," म्हणायचे, बोल्ट पुसल्यासारखं करायचे आणि पहिला आटा लावून द्यायचे. पुढचं ते पाना लावून आवळायचे, मोजून, नेटाने. ते काही म्हणायचे नाहीत. मीही नाही. दीडशे बोल्ट तरी आम्ही असे धुळीच्या नावाखाली बसवले.

महिना संपायला तीन दिवस असताना गाडी सुरू झाली. भसाभसा धूर सोडला, दोनदा खोकली आणि मग एका लयीत चालू लागली. हे बाजूला उभे होते, काळ्या हातांनी चष्मा वर करत. मला रडूच आलं. त्यांनी विचारलं, "धूर गेला का डोळ्यात?" मी हो म्हटलं.

एक तारखेला सुताराने पहिला माल भरला. आठ जड टेबलं, टेकडीवरच्या नव्या वाचनालयात पोचवायची होती. हे माझ्या शेजारी बसले. सपाट रस्त्यावर गाडी राणीसारखी चालली. टेकडीचा चढ लागला, मी गिअर बदलला, आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. मी पाय दाबते आहे, इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. मग जळका वास आला आणि आम्ही मागे सरकायला लागलो. मी हँडब्रेक ओढला. हौद्यात बसलेल्या सुताराच्या माणसांनी उड्या मारून चाकांखाली दगड लावले.

"थांबा, गिअर नीट पडला नसेल," मी म्हणाले. यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. चढापेक्षा मला ते हात दिसत होते.

टेबलं दुसऱ्या गाडीने गेली. आमची गाडी कडेला लावून आम्ही पायी घरी आलो. वाटेत ते एकदाच बोलले. "नीट बसलं नसेल आत काहीतरी. माझ्याकडून." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खिडकीशी.

सुतार माणूस वाईट नाही. म्हणाला, "काकू, परवापर्यंत थांबतो. त्यापुढे मला दुसरी गाडी बघावी लागेल." मी तडक गिअरवाल्या मिस्त्रीला गाठलं. अवाढव्य माणूस, आवाज त्याहून मोठा. तो यायला तयार झाला. आता प्रश्न यांना खिडकीपासून उठवायचा होता. समजुतीच्या गोष्टी मला जमत नाहीत. मी दारातूनच सांगितलं, "मिस्त्री येऊन गाडी खोलतोय. रस्त्यावरच, मातीत. सगळे भाग एका घमेल्यात टाकणार म्हणाला."

"घमेल्यात?" ते उठून उभे राहिले. चपला घालून माझ्यापुढे चालायला लागले.

टेकडीच्या कडेला मिस्त्री गाडीखाली शिरला होता. हे चादर काखेत घेऊन उभे. मिस्त्री एकेक बोल्ट काढून देत होता आणि हे मांडत होते. मधेच खालून आवाज आला, "हे कुणी बसवलंय?"

"मी," हे म्हणाले. कोर्टात गुन्हा कबूल करावा तसं.

"एक बोल्ट जास्त आवळलेला नाही, एक सैल नाही. आमच्याकडे वीस वर्षं मुरलेले कारागीर असं बसवत नाहीत."

हे हातातला बोल्ट चादरीवर मांडत राहिले. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग गिअरबॉक्स उतरला, प्लेट बाहेर आली. मिस्त्रीने तिच्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, पुन्हा फिरवलं.

"काका, हे तेल कुठून आलं?"

"मी घातलं," हे म्हणाले. "बारीक थर. सगळीकडे सारखा. दोन भाग एकमेकांवर घासतात, तिथे तेल नको?"

मिस्त्रीने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. मग तो रस्त्याच्या कडेला बसला आणि हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला त्याच्या डोक्यात पाना घालावासा वाटला.

"काका," तो कसाबसा म्हणाला, "ही प्लेट घासायलाच असते हो! तिने घट्ट धरायचं, तेव्हा कुठे चाकं फिरतात. तुम्ही तेल घातलंत, ती धरणार कशी? बिचारी नुसती घसरतेय!"

घड्याळात घासतं तिथे तेल. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. माहितीपुस्तकात तेल घालू नका असं लिहिलं नव्हतं, कारण कुणी घालेल असं लिहिणाऱ्याला वाटलंच नसणार. मी यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता हे घरची वाट धरणार.

"म्हणजे बोल्ट सैल नव्हते," हे म्हणाले.

"नव्हते."

"बसवण्यात चूक नव्हती."

"नाही हो. बसवणं एक नंबर. तेल तेवढं चुकलं."

"म्हणजे मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं तुम्हाला," मिस्त्री डोळे पुसत म्हणाला.

"मला माहीत नव्हतं," हे पुन्हा म्हणाले, आणि हसले. आधी थोडंसं, मग मिस्त्रीसारखंच मोठ्याने. येणारेजाणारे बघायला लागले. कुणी आपलं अज्ञान इतक्या आनंदाने सांगताना मी पाहिलं नव्हतं. पण मला समजलं. हात चुकले असते, तर त्यावर काही इलाज नव्हता. माहीत नसलेलं माहीत करून घेता येतं. आणि मिस्त्री आणखी काही म्हणायच्या आत यांनी खिशातून पेन्सिल काढली. "आणखी कुठे कुठे तेल घालायचं नाही? ब्रेकला?"

"ब्रेकला घातलं नाहीत ना?" मिस्त्रीचं हसू एकदम थांबलं.

"नाही. तिथे तेल संपलं होतं."

मी कपाळाला हात लावला. त्या चढावरून आम्ही उतरणार होतो.

मिस्त्रीने नवीन प्लेट आणली, जुनी फेकून दिली. आता पुन्हा सगळं जोडायचं होतं. मी सवयीने फडकं उचललं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मिस्त्रीने पहिला बोल्ट यांच्या हातात दिला. "घ्या काका, तुमचं काम तुम्हीच करा. मला एवढं नीट जमायचं नाही."

बोल्ट त्यांच्या बोटांत थरथरत होता. "थांबा, धूळ..." मी सुरुवात केली. त्यांनी माझा फडक्याचा हात हळूच बाजूला केला.

"मिस्त्री, माझे हात कापतात," ते म्हणाले. अगदी साधेपणाने, उद्या पाऊस आहे म्हणावं तसं. "वर्ष झालं. आता थांबणार नाहीत ते. पहिला आटा मला पकडता येत नाही. तेवढा तुम्ही लावून द्या, आवळायचं मी बघतो."

"द्या इकडे," मिस्त्री म्हणाला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने आटा लावला आणि हात मागे घेतला. यांनी पाना बसवला आणि आवळायला सुरुवात केली. मी फडकं हातात धरून तिथेच बसून राहिले, कारण मला आता काहीच काम उरलं नव्हतं.