कूलरचं तोंड

अकोल्यात गावंड्यांच्या घरी, मागच्या खोलीत, चौदा मेचा मंगळवार अजून संपलेला नाही. बाहेर महिना संपत आला. आत मात्र दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि प्रल्हादराव खुर्चीत बसून मुलीला फोन लावताहेत.

तो मंगळवार उजाडला तेव्हा इतर मंगळवारांसारखाच होता. प्रल्हादराव वेधशाळेत अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. पारा वाचायची सवय हाडात मुरलेली. घरचा कम्प्युटर तापायला लागला तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी वही घातली. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. दोनचा आकडा ते मुलीला फोनवर कळवत. हेमांगी पुण्यात एका कंपनीच्या मदत-क्रमांकावर बसे. लोकांचे बिघडलेले कम्प्युटर फोनवरून ताळ्यावर आणणं हीच तिची नोकरी. परक्या माणसांशी ती दिवसभर साखर पेरत बोले. बापाच्या वाट्याला कपाच्या तळाचा गाळ येई.

"हेमा, आज सत्त्याऐंशी."

"बरं."

"वेगही पार मंदावला. एक अक्षर दाबावं, पाणी पिऊन यावं, तवा ते उमटते."

"तापला की तो आपणहून हळू होतो बाबा. जळू नये म्हणून. आत धूळ बसली असेल, प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली असेल. उघडून साफ करावा लागेल."

"तेच म्हणून राहिलो मी. तू संक्रांतीला येणार होतीस. मग होळीला येणार होतीस."

"येते हो."

"ती पेस्ट घेतली का?"

घेतली होती. बोटाएवढी नळी जानेवारीपासून तिच्या पर्समध्ये चिल्लर आणि डोकेदुखीच्या गोळ्यांबरोबर फिरत होती. बाहेर त्या दिवशी सेहेचाळीस होतं. ते हेमांगीनं विचारलं नाही, आणि ज्यांनी जन्मभर बाहेरचंच मोजलं त्यांनी सांगितलं नाही. तिची दुसरी लाइन वाजत होती.

"मग तोवर कूलर फिरवा ना त्याच्याकडे," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

चार दहाला पुन्हा फोन आला. पडद्यावर 'बाबा' दिसलं. तिनं फोन पालथा घातला.

आई मूर्तिजापूरला बहिणीकडे गेली होती. ती संध्याकाळी आली तेव्हा प्रल्हादराव फरशीवर पडले होते आणि कूलरचं तोंड कम्प्युटरकडे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यातच वारले. संध्याकाळी सगळं उरकलं. बाहेरचे प्रल्हादराव नेले, आतले राहिले.

कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. दाराशी उभं राहिलं की ते दिसत: ओलं बनियन, कानाला फोन, पुतळ्यासारखे स्थिर. कपाळावरून निघालेला घामाचा थेंब भुवईपर्यंत यायला चार दिवस लागले. कम्प्युटर इतका तापला होता आणि त्यापायी इतका हळू झाला होता की त्या खोलीतला दिवस त्याच्याच्यानं पुढे सरकत नव्हता.

"बंद करून टाक नं एकदाचा," दिगंबरकाका म्हणाले. प्रल्हादरावांचे हे धाकटे भाऊ. बाजार समितीत अडत्याचं काम करत आणि घरातही लिलाव पुकारल्यासारखे बोलत.

"बंद केला की मंगळवार संपेल," रातोरात पुण्याहून आलेली हेमांगी म्हणाली.

"मंग राहू दे."

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारी, कसं झालं म्हणून, आणि काका प्रत्येकाला तेच सांगत. "अहो, कूलरचं तोंड मशीनकडे! मशीनले हवा अन् माणूस कोरडा. अडतीस वर्षं ऊन मोजलं माह्या भावानं, अन् अक्कल पाहा." लोक चकचक करत. कुणी हळूच हसत. वय झालं की असं होतं, म्हणत.

आई एकदाच म्हणाली, "यांना असं कुणी सांगितलं असेल का गं?"

"काय माहीत," हेमांगी म्हणाली.

तिच्या पर्समधला फोन रोज दुपारी एकदा थरथरे. एकच रिंग. पडद्यावर 'बाबा'. आतली एक रिंग बाहेर पोचायला अख्खा दिवस लागत होता. हेमांगी तो पालथा घाली. सवय होती.

कम्प्युटरचा आकडा मात्र रोज एकानं वाढत होता. दाराशी उभं राहूनही तो वाचता येई, कारण प्रल्हादरावांनी पडद्यावर तो मोठ्या लाल अक्षरांत लावून ठेवला होता. दहाव्याला शहाण्णव झाला. शंभरला मशीन आपोआप बंद पडतं. हे घरात फक्त तिला ठाऊक होतं, आणि तेही तिनं कुणाला सांगितलं नाही.

दहाव्याला मोर्णा नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळा लगेच आला आणि पिंडाच्या वीतभर वर हवेत थांबला. पंख पसरलेले. हलेना, उतरेना.

"कशात तरी जीव अडकला असेल," गुरुजी म्हणाले. "बोला. ज्याला जे सांगायचं ते मोठ्यानं सांगा."

काका पुढे झाले. "दादा, वहिनीले काही कमी पडू देणार नाही." कावळा ढिम्म.

"मी नीट जेवत जाईन," आई म्हणाली. कावळा ढिम्म.

"दादा, तुमचा कम्प्युटर नीट करून देऊ!" काका म्हणाले, आणि सोयरे तोंडाला उपरणं लावून हसले. कावळा बोटभर खाली आला. हसणं थांबलं.

"हेमा, आता तू बोल," काका म्हणाले. "तुह्यात लय जीव होता त्यायचा."

हेमांगी पुढे झाली आणि पिंडाला हात जोडले.

"मनात बोललीस तरी चालते," गुरुजी म्हणाले. त्यांना उन्हाचा त्रास होत होता.

मनात तर ती दहा दिवस दुसरं काहीच बोलत नव्हती. कावळ्याला मनातलं ऐकू येत नसावं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि खऱ्याला तसाच टांगलेला ठेवून माणसं घरी परतली.

अकराव्याला आई चहा घेऊन मागच्या खोलीत गेली. "एवढा देऊन येते," म्हणाली. संध्याकाळपर्यंत तिचं एक पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं होतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. साडीच्या निऱ्यांचा घोळ झोक्यासारखा मागे गेलेला, तो तेराव्यापर्यंत पुढे आला नाही.

तेराव्याचं गोडाचं जेवण झालं. पानं उचलली. काका दाराशी येऊन उभे राहिले. "तुही माय बी चालली त्याच्यात. कर काहीतरी. तुहाच धंदा आहे नं हा?"

पडद्यावर नव्व्याण्णव होतं.

हेमांगीनं पर्स खांद्याला लावली, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि आत गेली. पहिल्या पावलाला कानांत दडे बसले. दुसऱ्या पावलाला मागे वळून पाहिलं तर काका दारात माशीसारखे लुकलुकत होते. त्यांचं बोलणं चिवचिवाटासारखं येत होतं. ती जसजशी हळू झाली तसतसे बाबा चालू झाले. घामाचा थेंब भुवईवरून घरंगळला. त्यांनी तो मनगटानं पुसला. इतकं साधं होतं ते.

"तू पण आलीस?" आई म्हणाली. "मी निघतच होते."

"आई, दोन दिवस झाले."

"काहीतरीच. चहा अजून वाफाळतोय."

प्रल्हादरावांना हेमांगी दिसत नव्हती. त्यांच्या लेखी ती पुण्यात, फोनच्या पलीकडे होती. त्यांनी फोन कानापासून दूर धरून पाहिला आणि पुन्हा कानाला लावला. "उचलत नाही," ते बायकोला म्हणाले. "कामात असेल पोरगी."

"घाम पुसा आधी."

"पुसतो. आकडा सांगतो अन् पुसतो."

टेबलावर वही उघडी होती. दोन वाजता सत्त्याऐंशी. खाली, त्याच रेखीव अक्षरात, चार वाजता पंच्याऐंशी. पुढे एक बारीक बरोबरची खूण.

हेमांगीनं कॅबिनेटची बाजू उघडली. धूळ होतीच. पण पंख्याच्या पात्यांना कूलरच्या वाळ्याच्या काड्या गुंडाळल्या होत्या, ओल्या, आणि त्यांत पांढरे केस अडकले होते. पंखा मुंगीच्या पावलानं फिरत होता. तिनं पेस्टची नळी काढली, टोपण उघडलं, आणि थांबली. आधी बंद करा, मग हात लावा. चालू मशीन साफ करता येत नाही. हे ती दिवसातून वीस परक्यांना गोड आवाजात सांगत असे. तिनं नळीचं टोपण लावलं आणि ती वहीवर ठेवली.

मग तिनं कूलरला हात घातला. टाकी भरलेली होती, चाकं गंजलेली. पाय रोवून ढकलला तेव्हा त्यानं रेड्यासारखं मान फिरवत तोंड वळवलं. वाळ्याचा वास खुर्चीकडे गेला. प्रल्हादरावांचं बनियन छातीपासून सुटलं आणि कपाळावरचे केस उडाले. त्यांनी डोळे मिटले.

"काय बरं वाटलं," ते म्हणाले.

पडद्यावरचा लाल आकडा लुकलुकला.

पर्समध्ये फोन वाजला. एक रिंग, मग दुसरी, मग तिसरी, धावत एकामागून एक, जशी कुणाही माणसाची वाजते. दारात आता काका एकटे नव्हते. जेवून उठलेली सगळी माणसं चौकटीत गोळा झाली होती. पुसट, हलती, पण कान इकडेच लावलेली.

हेमांगीनं फोन सुलटा केला आणि हिरवं बटण सरकवलं.

"हॅलो, हेमा," बाबा म्हणाले, एकदा समोरून आणि एकदा कानात. चेहरा उजळला होता. "ऐक, दोन अंश उतरलं त्याचं!"

आईनं कप टेबलावर टेकवला. मागचा चिवचिवाट थांबला.

"बाबा," हेमांगी म्हणाली, दारापलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं, "कूलर तिकडे फिरवा असं मी सांगितलं होतं. मला तुमचा फोन ठेवायचा होता."